मोटर बंद असताना सायकल जड का जाते?

नमस्कार. बोलायला सुरुवात करण्याआधी या टेबलाकडे बघा. स्टँडवर दोन चाकं लावून ठेवली आहेत. दोन्ही इलेक्ट्रिक सायकलींची मागची चाकं, दोन्हींच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, मोटर. बॅटरी नाही, मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर नाही, वायरी मोकळ्या लोंबताहेत. पहिलं चाक हाताने फिरवतो. फिरू दे त्याला, आपण बोलत राहू. आता दुसरं, तेवढ्याच जोराने. थोड्याच फेऱ्यांत थांबलं. आणि थांबताना किंचित मागेपुढे डोललं, ते पुढच्या रांगेतल्यांना दिसलं असेल. पहिलं अजून फिरतंय.

लोक मला विचारतात, "बॅटरी संपली की इलेक्ट्रिक सायकल पायडल मारून चालवता येते का?" कोणी म्हणतं अगदी सहज, कोणी म्हणतं अशक्य. दोघंही आपापल्या सायकलीबद्दल खरंच बोलत असतात. एकाकडे पहिलं चाक असतं, दुसऱ्याकडे दुसरं.

दुसऱ्या चाकाची मोटर थेट आहे, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह. आत गिअर नाहीत, क्लच नाही. हबचं बाहेरचं कवच हाच मोटरचा फिरणारा भाग. चाक फिरलं की मोटर फिरलीच. ही कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ साली ज्या विजेच्या सायकलीचं पेटंट मिळालं, तिच्यातही मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच होती आणि गिअर नव्हते.

आता कवचाच्या आतल्या बाजूला कायमचे चुंबक चिकटवलेले असतात. कायमचे हा शब्द लक्षात ठेवा. बटण बंद केलं, बॅटरी काढून घरात ठेवली, तरी चुंबक आपलं काम करतच राहतात. त्यांच्या समोर लोखंडाच्या दातांचा स्थिर गाभा असतो, त्या दातांवर तांब्याची तार गुंडाळलेली असते. चुंबकाला दातासमोर थांबायला आवडतं. एका दातासमोरून ओढून नेला की तो पुढच्याकडे झेपावतो. मघाशी चाक डोललं ते यामुळे. याला कॉगिंग म्हणतात. सावकाश चालवताना हाताला आणि पायाला बारीक खडखड जाणवते ती हीच. पण गंमत अशी, की कॉगिंग जेवढं अडवतं जवळपास तेवढंच पुढेही ढकलतं. फेरीची बेरीज केली तर हिशेब शून्याच्या जवळ येतो. जाणवतं सगळ्यात जास्त, खातं सगळ्यात कमी.

खरी खाणारी मंडळी वेगळी. गाभ्यातल्या लोखंडासमोरून उत्तर ध्रुव जातो, मग दक्षिण, मग पुन्हा उत्तर. प्रत्येक वेळी लोखंडाला आपलं चुंबकत्व उलटवावं लागतं आणि त्या उलटापालटीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. हे हिस्टेरेसिस. सायकल हळू चालवा की जोरात, याचा विरोध साधारण सारखाच राहतो. दुसरं, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे लोखंडातच विजेचे छोटे भोवरे तयार होतात आणि ते चुंबकाला मागे ओढतात. हा विरोध वेगाबरोबर वाढतो. म्हणून तर गाभा अखंड लोखंडाचा करत नाहीत. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ पत्रे एकमेकांपासून विलग करून रचतात, म्हणजे भोवऱ्यांना फिरायला जागाच उरत नाही. पत्रा जाड वापरला, तर मोटर तितकी जड फिरणार. विकत घेताना हे वरून दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळांना वाटतं की मोटर बंद असताना ती जनरेटर होते, वीज बनवते, म्हणून जड लागते. वायरी मोकळ्या असतील तर विजेचा दाब (व्होल्टेज) तयार होतो, पण प्रवाह वाहायला वाटच नसते. कंट्रोलर जोडलेला असला तरी मोटरचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा कमी असेतोवर प्रवाह बॅटरीत शिरत नाही. पायडलच्या वेगाला तो सहसा कमीच असतो. तेव्हा जडपणा लोखंडाचा आहे, वीजनिर्मितीचा नाही.

वीजनिर्मिती अडवते तेव्हा कशी अडवते, तेही दाखवतो. या दुसऱ्या चाकाच्या तीन जाड वायरींची टोकं मी एकमेकांना जोडली. आता कोणीतरी पुढे येऊन चाक फिरवा. चिखलात रुतल्यासारखं वाटतंय ना? जोरात फिरवायला जाल तर जास्तच अडेल. लेंझ यांनी १८३४ साली मांडलेला नियम हाताला असा कळतो: जो बदल प्रवाह निर्माण करतो, त्याच बदलाला तो प्रवाह विरोध करतो. हा अनुभव लक्षात राहू द्या, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता पहिलं चाक. त्यात छोटी, वेगाने फिरणारी मोटर आहे, ग्रहमालेसारखे गिअर आहेत, आणि एकाच दिशेने पकडणारा क्लच आहे. मोटर चाकाला पुढे ढकलू शकते, पण चाक पुढे पळालं तर मोटरला बरोबर नेत नाही. म्हणून बंद असताना ती जवळजवळ नसल्यासारखीच. हेच चाक मी उलटं फिरवून बघतो... अडलं. उलट्या दिशेला क्लच पकडतो आणि गिअरांसकट मोटर फिरवावी लागते. सायकल मागे ढकलताना जड लागली आणि पुढे हलकी, तर आत क्लच आहे हे ओळखा. बिघाड समजून ती उघडू नका. किंमत एवढीच, की अशा मोटरला उतारावर ब्रेक लावून बॅटरी भरता येत नाही. थेट मोटरला येते.

तिसरा प्रकार पायडलपाशी बसवलेल्या मोटरचा. तिच्यातही एकदिश क्लच असतात, पण सील आणि क्लच यांचं थोडं घर्षण उरतं. काही जुन्या रचनांमध्ये पायडलबरोबर आतले गिअरही फिरत, त्यात पाय भरून यायचे. पुढे अनेक उत्पादकांनी असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, नसताना मोटर पूर्ण वेगळी होईल अशी रचना केली. या सायकलीचं चाक हाताने फिरवून काहीच कळत नाही, कारण मागे फ्रीव्हील आहे, पायडल थांबलं तरी चाक मोकळं फिरू देणारं. चेन काढा आणि क्रँक पुढे फिरवून बघा.

आता थोडा आकड्यांचा हिशेब, कारण जडपणाचा आळ नेहमी मोटरवरच येतो. सायकल आणि स्वार मिळून १०० किलो धरू, बसण्याची पद्धत सरळ. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी २० किलोमीटरला टायर आणि हवा मिळून साधारण १०५ वॅट मागतात. २५ ला तेच १७५ च्या आसपास जातं, ३० ला २७० च्या. रोज सायकल चालवणाऱ्या माणसाला १०० वॅट बराच वेळ देता येतात, १७५ बऱ्याच जणांना नाही. बऱ्याच देशांत असिस्ट ताशी २५ ला थांबतो. त्या क्षणी भिंतीवर आदळल्यासारखं वाटतं, आणि लोक म्हणतात मोटर मागे ओढतेय. मोटर फक्त मदत करायची थांबलेली असते. मागे ओढते ती हवा.

वजनाचंही तसंच. मोटर आणि बॅटरीचे १० किलो जास्तीचे सपाटीवर २० च्या वेगाला जेमतेम ४-५ वॅट खातात. पण ५ टक्के चढावर, ताशी १० च्या वेगानेसुद्धा, तेच १४ वॅट होतात. थेट मोटरचा विरोध चाकावर १ न्यूटन-मीटर (फिरवणाऱ्या जोराचं माप) धरला, तर नेहमीच्या चाकाला २० च्या वेगाला सुमारे १७ वॅट. म्हणजे १०५ चे १२२. जाणवेल, दमवेल, पण घरी पोचवेल. चढावर वेग कमी होतो, तेव्हा मोटरचा वाटा लहान होतो आणि वजनाचा वाढतो. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा ब्रेकचं पॅड घासत असेल, तर तेवढाच तोटा तिथेही होऊ शकतो, म्हणून आधी ते बघा. मग रिमला दोरी बांधून स्प्रिंगच्या काट्याने सावकाश ओढा. चाक एकसारखं फिरत असताना काटा ३ न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम दाखवत असेल, तर तुमची मोटर या उदाहरणातलीच. हिस्टेरेसिसचा वाटा यात कळतो, भोवऱ्यांचा वेगात वाढतो.

काही कंट्रोलर बॅटरी शिल्लक असताना मोटरला अगदी थोडा प्रवाह देत राहतात, तिचा स्वतःचा विरोध फिटेल एवढाच. असिस्ट शून्यावर ठेवून पायडल मारायची हौस असेल, तर हा फार चांगला उपाय आहे.

शेवटी त्या चिखलाकडे. माझ्या एका मित्राची थेट मोटरची सायकल एका दिवसात भयंकर जड झाली. दुरुस्तीवाल्याने बेअरिंग बदललं, काही फरक नाही. सायकल बघितल्यावर मी फक्त कंट्रोलरकडे जाणाऱ्या तीन जाड वायरींचा जोड सोडला, आणि चाक मोकळं झालं. कंट्रोलरमधले मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, जळून शॉर्ट झाले होते. वायरी आतल्या आत एकमेकांना जोडल्या गेल्या होत्या, अगदी मघाशी मी जोडल्या तशा. जोड सोडूनही चाक जडच राहिलं असतं, तर दोष मोटरच्या आत किंवा बेअरिंगमध्ये शोधला असता. रस्त्यात असं झालं तर बॅटरी बंद करा, जोड सोडा, तिन्ही टोकं वेगवेगळी चिकटपट्टीत गुंडाळा म्हणजे ती एकमेकांना लागणार नाहीत, आणि पायडल मारत घरी या.