स्टोक रोचा आड: 368 फुटांखालचं पाणी

(दृश्य: गावातला रस्ता, झाडांमागून दिसणारा घुमट. कॅमेरा हळूहळू जवळ.)

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यातलं स्टोक रो. चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावरचं गाव, वस्ती साडेसहाशेच्या आसपास. इथल्या जुन्या आडावर लोखंडी खांब, त्यावर घुमट, सगळं मिळून 23 फूट उंच. घुमटाखाली रहाटाच्या यंत्रावर एक सोनेरी हत्ती उभा आहे. हा हत्ती काशीहून आलेल्या पैशातून इथे उभा राहिला.

(दृश्य: कठड्यावरून खाली, अंधारात.)

आडाचं तोंड अवघं 4 फूट रुंद, खोली 368 फूट, म्हणजे 112 मीटर. कुतुबमिनार 238 फुटांचा; इथे दीड कुतुबमिनार मावेल इतकी खोली आहे. पायऱ्या नाहीत, उतरायची सोय नाही. आपल्याकडे अशा अरुंद, सरळसोट विहिरीला आड म्हणतात, आणि तोच शब्द इथे चपखल बसतो.

इंग्लंडसारख्या पावसाळी देशात इतकं खोल का जावं लागलं? उत्तर पायाखाली आहे. या टेकड्या खडूच्या दगडाच्या. वर चिकणमाती आणि चकमकीच्या गारा यांचा थर, त्याखाली शेकडो फूट भेगाळलेला खडू. पडलेला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो. माथ्यावर ना ओढा, ना झरा. माती काढून झालेले खड्डे आणि तळी एवढाच आधार, आणि उन्हाळा लांबला की तीही गढूळ. स्वयंपाकाचं वापरलेलं पाणी एका घरातून दुसऱ्या घरात जायचं. धुणं पाऊस पडेपर्यंत तुंबून राहायचं. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून आईचा मार खाणाऱ्या एका पोराची गोष्ट गावात सांगितली जाते.

ही हकिकत काशीला पोचवली एडवर्ड अँडर्डन रीड यांनी. जवळच्या इप्सडेन गावाचं जमीनदार घराणं त्यांचं. कंपनी सरकारच्या नोकरीत असताना 1831 साली त्यांनी आझमगढला लोकांसाठी विहीर खोदून दिली होती. 1860 साली ते मायदेशी परतले. निघताना काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना त्यांनी एकच गळ घातली: त्या विहिरीचं पाणी लोकांना खुलं राहू दे. पुढे महाराजांच्या मनात इंग्लंडमध्ये काही दान करावं असं आलं, तेव्हा त्यांना आझमगढची विहीर आठवली आणि रीड यांच्या गावाकडची तहानही.

(दृश्य: आडाच्या भिंती, दिव्याच्या उजेडात.)

10 मार्च 1863 ला पहिली कुदळ पडली. सगळं काम हातानं. चार फुटांच्या घेरात एका वेळी एकच माणूस खणू शकतो, तोही आखूड दांड्याच्या कुदळीनं, कारण लांब दांडा फिरवायला जागाच नसते. खणलेला मलबा बादलीत भरायचा, वरच्यानं तो ओढायचा, रिकामी बादली परत सोडायची. हिशेब मांडा: एवढ्या आडातून साधारण 130 घनमीटर मलबा निघतो.

वरच्या मातीच्या थराला बांधकामाचा आधार लागतो, नाहीतर पावसात माती खाली सरकते. खडू मात्र आपल्या बळावर उभा राहतो. धोका वेगळाच. काठावरून सुटलेली एक गार शंभर फूट खाली गेली की डोक्यावर बसते. तळाशी जड, कोंदट हवा साचते. मेणबत्ती मंदावली की माणसानं वर यायचं, हा अशा खोदाईतला साधा नियम. आणि ओळंबा रोज लावावा लागतो. आड वाकडा गेला तर पोहरा जन्मभर भिंतीला घासत वर येतो, पाणी सांडत.

पाणी लागलं म्हणून लगेच थांबताही येत नाही. खडूतली पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे वरखाली होते. कोरड्या वर्षाच्या पातळीखाली जाल तरच आड बारमाही.

(दृश्य: दातेरी चाकं, हँडल, हत्ती.)

यंत्र वॉलिंगफर्डच्या वाइल्डर यांच्या कारखान्यातलं. भरलेला पोहरा वर यायला सुमारे दहा मिनिटं लागत. दातेरी चाकांमुळे जोर कमी लागतो, फेरे मात्र वाढतात. सुरुवातीचे फेरे सगळ्यात जड, कारण पाण्याबरोबर 368 फूट दोराचंही वजन ओढायचं असतं. पोहरा चढत जातो तसा हात हलका होतो. तिथे घाई केली की पोहरा हेलकावतो आणि पाणी वाटेतच सांडतं.

24 मे 1864, राणी व्हिक्टोरियाचा वाढदिवस. चौदा महिन्यांनी आड गावाला खुला झाला. पाणी सगळ्यांना फुकट.

(दृश्य: रखवालदाराचं घर, बाग, तळं.)

आता हे घर नीट पाहा. महाराजांनी आड बांधून हात झटकले नाहीत. आडाची राखण करणाऱ्याला राहायला घर दिलं. शेजारी चेरीची बाग लावली, ईश्वरी बाग, म्हणजे फळं विकून देखभालीचा खर्च निघावा. माशाच्या आकाराचं तळं केलं, त्याचं नाव मछली पोखरा. दोराला, वंगणाला, रखवालदाराच्या पोटाला पैसे कुठून येणार, याचं उत्तर दानातच होतं. उद्घाटनानंतर पहिल्या दुरुस्तीला बंद पडणाऱ्या पाणी योजना ज्यांनी पाहिल्यात, त्यांना या बागेची किंमत कळेल.

पुढे नळ आले, आडाचा वापर सुटला.

(दृश्य: गावातली फेरी.)

गावात शाळा आहे, दुकान आहे, सभागृह आहे. सेंट जॉनचं चर्च 1846 सालचं. दोन पब: चेरी ट्री आणि क्रूकेड बिलेट. आसपासच्या बीच नावाच्या झाडांच्या रानांत एकेकाळी खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर राबत. हेन्ली पाचेक मैलांवर, रेडिंग नऊ.

(दृश्य: पुन्हा घुमट. संध्याकाळचा उजेड.)

1964 साली शताब्दीला प्रिन्स फिलिप आले होते. तेव्हा काशीहून आणलेलं गंगेचं पाणी या आडात ओतलं गेलं.