तिकिटाआधी पंचांग काढा

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

ख्रिसमस बेटावरचे लाल खेकडे समुद्राकडे निघतात ते पाहायचं असेल, तर आधी कृष्ण अष्टमी कधी येते ते बघा. आपल्याला सवय ताडोब्याची. मे महिन्यात पाणवठ्यावर बसायचं, वाघ आज नाही तर उद्या. हे खेकडे महिन्याला मोजक्याच पहाटे देतात.

बेट ऑस्ट्रेलियाचं, पण जावाच्या दक्षिणेला ३५० किलोमीटरवर. पहिला दमदार पाऊस झाला की नर जंगलातून उतरतात, मागोमाग माद्या. नर किनाऱ्यालगत बिळं खणतात, मीलन झालं की परत फिरतात. मादी त्या ओलसर बिळात बारा-तेरा दिवस अंडी पोटाशी धरून थांबते. एकेकीजवळ लाखापर्यंत अंडी. अष्टमीच्या सुमारास, सूर्योदयाआधी भरती ओसरायला लागली की ती सोडायची. तेव्हा समुद्राला भांग असतो. उधाणासारखं पाणी चढत-उतरत नाही, म्हणून कडेपर्यंत जाणं सोपं. हा खेकडा जमिनीवरचा. लाटेनं ओढला तर बुडतो.

म्हणून तारखा उलट्या मोजा. ऑक्टोबरअखेर ते जानेवारीतल्या कृष्ण अष्टम्या लिहून काढा. पाऊस उशिरा आला आणि अष्टमीपर्यंत पुरेसे दिवस उरले नाहीत, तर बरेच खेकडे पुढच्या महिन्यावर टाकतात. महिनोन्‌महिने आधी पक्कं तिकीट काढणारा इथेच फसतो. तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. पर्थहून पुढे आणखी २६०० किलोमीटर, विमानं मोजकी, आणि ढग खाली आले की ती न उतरताच वळतात. परतीला निदान तीन दिवस मोकळे ठेवा.

खेकडे सकाळी आणि उतरत्या उन्हात चालतात. भर दुपारी अंगातलं पाणी आटून मरतील, म्हणून सावलीत बसतात. बरेच रस्ते तेव्हा बंद असतात. उघड्या रस्त्यावर एकानं उतरून दाताळ्यानं वाट मोकळी करायची, मगच गाडी पुढे. रात्री बूट-पिशव्या बाहेर ठेवू नका. चार किलोपर्यंत वाढणारा नारळखेकडा त्या ओढून नेतो.

पहाटे पाण्याच्या कडेपासून मागे उभे राहा, माद्यांची वाट अडवू नका. मादी नांग्या वर करते, सगळं अंग थरथरवते. अंडी पाण्यात पडताच फुटतात आणि पिल्लं सुटतात.

निघताना संत्री घरीच ठेवा. बुटांच्या तळव्यातली माती ब्रशनं काढा, खाचांतलीसुद्धा. माणसांबरोबर नकळत आलेल्या पिवळ्या मुंग्यांनी इथले कोट्यवधी खेकडे डोळ्यांत फॉर्मिक आम्ल फवारून मारले. या मुंग्या जगतात झाडावरच्या एका किड्याच्या गोड स्रावावर, आणि तो किडा आपल्या गोंदियाकडे पळसावर लाख देणाऱ्या किड्याच्याच कुळातला. २०१६च्या डिसेंबरात मलेशियातून आणलेली जेमतेम दोन मिलिमीटरची गांधीलमाशी तिथे सोडली. ती त्या किड्यात अंडी घालते. किडा मेला की मुंग्यांचं खाणं तुटतं.