उतरताना फुटणारी वाट

(पडद्यावर दाट धुकं. ओल्या गवतातून चालणाऱ्या पावलांचा आवाज.)

ही जागा नीट बघून ठेवा. गुडघाभर उंचीचा एक दगड, त्याला लागून करवंदाची जाळी, आणि जाळीच्या दोन अंगांनी निघालेल्या दोन वाटा. चिखल दोन्हींवर सारखाच, रुंदीही सारखीच. गेल्या सप्टेंबरात हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरला उतरताना आम्ही चौघं इथे क्षणभरही थांबलो नाही. गप्पा चालू होत्या, उजवीकडची वाट जरा मोकळी वाटली, पाय तिकडे वळले. तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. तोलार खिंडीत पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते.

(धुकं विरळ होतं. लांबून गड, खाली पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी.)

हरिश्चंद्रगड समुद्रसपाटीपासून 1424 मीटर उंच. पुणे, ठाणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमा याच्या आसपास भिडतात. पाचनईहून गडावर येता येतं, कोकणातून नळीच्या वाटेनं थेट चढून येता येतं, आणि जुन्नरकडून येणारे बहुतेक खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे येतात. खिंडीत वाघाचं शिल्प कोरलेला दगड आहे. तिथून समोरची वाट पलीकडे कोथळ्याला उतरते आणि डाव्या हाताची कातळावरून गडाकडे चढते. कातळाला रेलिंग लावलेलं आहे. बघून छातीत धडधडतं, पण तिथे कुणी वाट चुकत नाही. माणसं चुकतात ती कातळ संपल्यावर, हायसं वाटायला लागतं तिथे. वर पठार लागतं. एकामागून एक टेपाडं, मधे ओहोळ, झाडीचे पट्टे, बालेकिल्ल्याकडे निघालेला फाटा, आणि गुरांच्या असंख्य वाटा. स्वच्छ उन्हात इथून चालण्यासारखं सुख नाही. धुक्यात मात्र प्रत्येक टेपाड मघाच्याच टेपाडासारखं दिसतं.

आदल्या दिवशी याच वाटेनं आम्ही चढून आलो होतो. मग हा फाटा तेव्हा का दिसला नाही? वर्षभर हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

(कॅमेरा खालच्या बाजूनं दगडाजवळ येतो.)

खालून येताना दगडाच्या तोंडावर पांढरा बाण दिसतो. ऑइलपेंटचा, अर्धा शेवाळाखाली गेलेला, पण ओळखू येतो. आता चार पावलं वर जाऊन मागे वळू.

(कॅमेरा दगडाला वळसा घालतो.)

वरच्या अंगाला दगड कोरा आहे. ज्यानं बाण रंगवला तो चढत होता, आणि त्याच्या डोळ्यांपुढे चढणाराच माणूस होता. वाटेचंही तसंच. चढताना दुसरी वाट आपल्या खांद्यामागून येऊन मिळते, ओहोळ ओढ्याला मिळावा तशी. नजर पुढे असते, ती मागे राहते. परतताना तोच संगम उलटा होतो आणि एका वाटेच्या दोन होतात. चढताना जो फाटा नव्हताच, तो उतरताना समोर उभा राहतो. आणि उतरताना पाय थकलेले असतात, उजेड कमी होत असतो, शेवटच्या एसटीचं गणित डोक्यात चालू असतं.

सह्याद्रीत बाण रंगवणाऱ्या, दगडांच्या लगोऱ्या रचणाऱ्या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. सुटीच्या दिवशी खांद्यावर रंगाचा डबा घेऊन ही माणसं डोंगर चढतात. त्यांना हात जोडून एकच सांगणं आहे: खूण करून झाली की वर जाऊन एकदा मागे बघा, ती तिकडून दिसते का. हा मुलूख अभयारण्यात येतो, तेव्हा हे काम वनखात्याला आणि खालच्या गावांना सोबत घेऊनच व्हायला हवं. पण व्हायला हवं.

(जमिनीलगतचं दृश्य: खुरांचे ठसे, मग हळूहळू वर, फांद्यांकडे.)

आम्ही वळलो ती ढोरवाट होती. खुरांचे ठसे आणि शेण यांवरून ते ठरवता येत नाही, कारण गुरं माणसांच्या वाटेनंही चालतात. खरी खूण वर असते. माणसांच्या राबत्या वाटेवर आडव्या फांद्या कोयत्यानं छाटलेल्या दिसतात, पार डोक्याच्याही वरपर्यंत, कारण सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बाईला तेवढी जागा लागते. ढोरवाटेवर फांद्या छातीएवढ्या उंचीवरच आडव्या येतात. म्हैस त्यांच्या खालून निघून जाते, आपल्याला वाकावं लागतं. आम्ही वीस मिनिटं वाकत चाललो होतो आणि चौघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. शिवाय ढोरवाट एकटी नसते. उतारावर तिच्या तीन-चार समांतर पट्ट्या पडतात, आणि चारा चांगला असेल तिथे ती विस्कटून संपते.

आमचीही तशीच कमरेएवढ्या गवतात विरली. तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. पण कुणीतरी म्हणालं, ओहोळ धरून उतरू, पाणी गावाकडेच जातं. हा सल्ला मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि सह्याद्रीत तो जीवघेणा आहे. हा डोंगर लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालाय. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा पदर, म्हणजे कड्यालगतची मंद उताराची पट्टी. पाणी पदरावरून निवांत वाहत येतं आणि कड्यावरून सरळ कोसळतं. ओहोळाच्या सोबतीनं चालणारा माणूस कड्याच्या तोंडाशी जातो. धुक्यात आम्हाला कडा दिसला नाही, ऐकू आला. पायाजवळची खळखळ एकाएकी तुटली आणि खालून, फार खालून, दुसराच आवाज यायला लागला. पुढे चाललेला मित्र होता तिथेच मटकन खाली बसला. त्याचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

(काळा पडदा. फक्त पाण्याचा आवाज. मग पुन्हा गवत.)

तिथून वर सरकलो, पण मूळ वाट काही सापडेना. तासाभरानं गवतात केळीचं साल दिसलं. ते आमचंच होतं. आजोळी याला चकवा म्हणतात. चकवा लागला की माणूस त्याच त्याच रानात फिरत राहतो. 2009 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी लोकांना अनोळखी जंगलात सरळ चालत राहायला सांगितलं होतं. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाळ दिवशी ती गोल फिरली, स्वतःचीच वाट ओलांडून गेली आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. आपल्या जुन्या माणसांनी जे नाव दिलं होतं, त्यामागे खरा अनुभव होता.

फोनवर कुणीतरी टाकलेला ट्रॅक आमच्याकडे होता. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत अचूक असतो, झाडीत आणि कड्यालगत त्याहून ढिला. आणि फाट्यापाशी तर पहिली कितीतरी पावलं दोन वाटांमधलं अंतरच तेवढं असतं. निळा ठिपका दोन्ही वाटांवर असल्यासारखा दिसतो. तो वाटेवरून ढळल्याचं कळेपर्यंत आपण टेपाडाच्या पलीकडे गेलेलो असतो.

अंधार पडता पडता खालच्या अंगाला बॅटरीचा उजेड हलला. घरी न परतलेली म्हैस शोधायला एक म्हातारे बाबा निघाले होते.

"खिरेश्वराला निघाले? मंग इकडं कुठं?"

"वाट चुकलो, बाबा."

"वाट बराबर हाये. पर ती माझ्या म्हशींची हाये." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "चढतानी मागं वळून पाह्यलं व्हतं का?"

"नाही."

"मंग वळखू कशी येईल? वाट जातानी येगळी दिसती, येतानी येगळी. आन चकवा लागला का बसावं. चालत ऱ्हाऊ नये."

त्यांनी आम्हाला या दगडापर्यंत आणून सोडलं आणि कातळापर्यंत सोबत केली. पैसे घेतले नाहीत. चहाची पुडी मात्र घेतली.

हे बाबा भेटले नसते, तर बसून राहून मदत मागवणं एवढाच शहाणपणाचा मार्ग होता. 112 हा क्रमांक देशभर चालतो. फोन लागला तर नुसतं गडाचं नाव पुरत नाही. गडाभोवती तीन जिल्हे आहेत, म्हणून कोणत्या गावातून चढलो आणि शेवटची ओळखीची जागा कोणती, हे आधी सांगायचं. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर किंवा लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र यांच्यासारख्या संस्थांचे स्वयंसेवक आपली कामं टाकून रात्री-अपरात्री डोंगरात शिरतात. त्यांना ती शेवटची ओळखीची जागा कळली, तर शोध तिथून सुरू होतो.

(खिंडीतलं वाघाचं शिल्प. शेजारून एक माणूस जातो.)

कोकण आणि देश यांच्यामधल्या या डोंगरात एके काळी माल लादलेल्या बैलांचे तांडे घाटवाटांनी चढत-उतरत. रोजच्या पायांनी वाट राबती राहायची. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, पुढे डांबरी रस्ते आले, आणि माल तिकडे वळला. खिंडीतली शिल्पं, देवाचे शेंदूर लावलेले दगड, पाण्याची टाकी जागच्या जागी राहिली. त्यांच्यामधली वाट दर पावसाळ्यानंतर गवताखाली जाते आणि मग गुरंच ती पाडतात, त्यांना हवी तिकडे.

(पुन्हा तोच दगड. आता धुकं नाही. बाबा उकिडवे बसले आहेत.)

यंदा चित्रीकरणासाठी आलो तेव्हा बाबांना सोबत घेऊन आलो. त्यांना बाण दाखवला, मग दगडाची कोरी बाजू दाखवली. ते काही बोलले नाहीत. ओहोळातून चपटे दगड वेचून आणले, डाव्या वाटेच्या तोंडाशी एकावर एक रचले, वर जाऊन पाहिलं, परत आले आणि आणखी दोन ठेवले.

मग काठी उचलून ते उजवीकडे वळले. म्हशी तिकडे होत्या.