निळा बैल कुठं टाकायचा?

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. पऱ्हाटीची वेचणी सुरू आहे. बाया शिवारात, पोरं अंगणवाडीत. आत खिचडी शिजतेय. सतरंजीवर दोन डबे मांडून बसलेली ही मुलगी मानसशास्त्रात पीएचडी करतेय. दुसरं वर्ष.

एका डब्यावर लाल बैल, दुसऱ्यावर निळी छत्री. हातातल्या पत्त्यांवर उलटं: निळे बैल, लाल छत्र्या. पहिला खेळ रंगाचा. साडेतीन वर्षांचा एक गडी भराभर पत्ते टाकतो, एकही चुकत नाही.

मग ती म्हणते, "आता रंग नाही बरं का. आता बैल बैलाकडे, छत्री छत्रीकडे."

तो मान हलवतो. आणि निळा बैल पुन्हा छत्रीच्या डब्यात.

"बैल कोणत्या डब्यात जातो?"

तो बरोबर बैलाचा डबा दाखवतो.

"मग टाक."

पुन्हा छत्री.

नियम तोंडपाठ आहे, हात ऐकत नाही. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली नेमकं हेच मांडलं: तीन वर्षांची बहुतेक मुलं पहिल्याच नियमावर अडून राहतात, पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना बदल जमतो. कारणावर मात्र वाद आहे. एक मत असं, की 'हा खेळ असेल तर असं, तो असेल तर तसं' हा नियमांवरचा नियम त्या वयात पेलत नाही. दुसरं असं, की जिथं लक्ष एकदा चिकटलं तिथून ते सुटत नाही. त्या पोराचा हात बघितल्यावर आम्हाला हे दुसरं मतच पटलं.

परदेशात हा खेळ घेतात तेव्हा पत्त्यांवर सहसा ससे आणि बोटी असतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मिरवणाऱ्या पोरांना बोट काय दाखवायची, म्हणून तिनं बैल काढला. गाईड मॅडमना शंका आली: बैल फारच लाडका निघाला तर? पोरं आधीपासूनच चित्राकडे ओढली जातील. म्हणून आता निम्म्या पोरांचा खेळ चित्रापासून सुरू होतो, निम्म्यांचा रंगापासून. या फेरफारात दोन महिने गेले.

मोठ्यांचं वेगळं नाही. अदलून-बदलून कामं केली की वेळ जास्त लागतो, हे मानसशास्त्रज्ञ आर्थर जर्सिल्डनं १९२७ सालीच मोजलं होतं. रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी १९९५ साली दाखवलं, की पुढचं काम कोणतं हे आधी ठाऊक असलं, तयारीला वेळ मिळाला, तरी थोडा उशीर उरतोच. काम बदलताना लागणारा हा जादा वेळ म्हणजेच 'स्विच कॉस्ट', मिलिसेकंदांत मोजायची.

सेविकाताई एका बाळाचं वजन करतायत. फोन वाजतो, दारात कोणी रजिस्टर मागतं. परत येऊन त्या काटा पहिल्यापासून बघतात.

"मॅडम, पोरायचं काय मोजता? आमचं मोजा ना!"

ती हसते, पण वहीत काहीतरी टिपून घेते.

पुढच्या वेचणीला ती परत येईल तेव्हा हा गडी साडेचार वर्षांचा असेल. पत्ते नवे काढावे लागतील. आजच्या गठ्ठ्यातला एक निळा बैल सापडत नाहीये.