पगारपत्रकाबाहेरची माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

2025 च्या जानेवारीत डोनाल्ड ट्रम्प पुन्हा अमेरिकेचे अध्यक्ष झाले आणि पहिल्या दोन दिवसांतच त्यांनी सरकारी खात्यांमधले डायव्हर्सिटीचे, म्हणजे नोकरीत सगळ्या समाजगटांना सामावून घेण्याचे, कार्यक्रम बंद करण्याचे आदेश काढले. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांवर 1965 साली तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी समान संधीचं जे बंधन घातलं होतं, तेही रद्द झालं. वॉलमार्ट, मॅकडोनाल्ड्स, मेटा यांनी तर त्याआधीच आपली धोरणं आवरती घेतली होती. कॉस्टको ही दुकानांची मोठी साखळी मात्र बधली नाही. हे कार्यक्रम कंपनीला धोक्याचे आहेत का ते तपासा, असा ठराव तिच्या भागधारकांपुढे आला, तेव्हा 98 टक्क्यांहून जास्त मतं विरोधात पडली.

हिंजवडी, खराडी, ऐरोलीत अशा परदेशी कंपन्यांची मोठमोठी कार्यालयं आहेत. तिथे काम करणारी मुलंमुली आता विचारतात, की आपल्याकडेही हे सगळं गुंडाळणार का?

माझं उत्तर असं आहे, की पोस्टरं, फुगे, महिला दिनाची भाषणं कदाचित कमी होतील. त्यानं फारसं बिघडत नाही. पण कामाच्या ठिकाणी सगळ्यांना जागा देणं ही गोष्ट आपल्याकडे विमानातून उतरलेली नाही. 26 जुलै 1902 रोजी कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांचा हुकूम निघाला. महाराज तेव्हा विलायतेत होते. सरकारी नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्यायच्या, हे त्या हुकुमातलं कलम आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्याच हुकुमातलं पुढचं कलम मात्र फारसं कोणी सांगत नाही. कोणत्या नेमणुका झाल्या, त्याचं पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी पाठवायचं होतं. म्हणजे नुसतं 'करा' म्हणून महाराज थांबले नाहीत, केलंत की नाही ते कागदावर दाखवा, असंही त्यांनी बजावलं.

आणि तरीही तेवढ्यानं भागलं नाही. गंगाराम कांबळे महाराजांच्या पदरी नोकरीला होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून बरोबरीच्याच नोकरांनी त्यांना बेदम मारलं. नोकरी होती हो त्यांच्याकडे! पगार होता, कामही होतं. पाणी मात्र नव्हतं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला हात दिला. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल टाकलं, तर गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले.

मला आजच्या ऑफिसांबद्दल बोलायचंय ते या हौदाच्या अंगानं. दुपारी एकच्या सुमाराला एखाद्या चकचकीत ऑफिसच्या इमारतीत बेसमेंटला जाऊन बघा. मी पाहिलंय ते सांगतो. पार्किंगच्या मागे जनरेटरच्या खोलीलगत चार बायका खाली पुठ्ठा अंथरून डबा खात बसलेल्या. शेजारी बादल्या, मॉप, फिनाईलचे कॅन. डब्यात भाकरी आणि सुकी भाजी, कारण गरम करायला मायक्रोवेव्ह आहे तो पाचव्या मजल्यावर, कँटीनमध्ये, आणि कँटीन 'स्टाफ'साठी. त्या कँटीनची टेबलं सकाळी यांनीच पुसलेली असतात. वरच्या मजल्यांवरची स्वच्छतागृहं दिवसभर या धुतात, आणि स्वतःला जायचं झालं तर बेसमेंटला उतरतात. लिफ्टसुद्धा मालाची, वेगळी. असा नियम कुठेही लिहिलेला नाही. लिहिलेला नाही, म्हणून तो कोणी खोडूही शकत नाही.

या बायका कंपनीच्या पगारपत्रकावर नसतात, ठेकेदाराच्या असतात. दारावरचे सिक्युरिटीवाले, कँटीनची पोरं, गाड्यांचे ड्रायव्हर, सगळे तसेच. यांतली बहुतेक माणसं कोणत्या समाजातून, कोणत्या वस्तीतून येतात हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. म्हणजे ज्यांना सामावून घ्यायचं म्हणून वरच्या मजल्यावर धोरण लिहिलं जातं, ती माणसं इमारतीत आधीपासूनच आहेत. धोरणात ती नाहीत, एवढंच.

कायदा खरं तर त्यांना धरून आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कंत्राटी कामगार बाईसुद्धा 'कर्मचारी'च आहे. जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात, तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि तिनं या बाईची तक्रारही ऐकली पाहिजे. पण समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर असलेला तो फलक बघा. पुष्कळदा तो इंग्रजीत असतो, आणि लावलेला असतो एचआरच्या केबिनबाहेर. तो मराठीत आणि हिंदीत लिहून बेसमेंटला लावायला किती खर्च येतो?

दिव्यांगांचंही तसंच. 2016 च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, सरकारी नोकरीत 4 टक्के जागा राखल्या आणि खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगितलं. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल पुढे टाकलं. इमारती, वाहनं, संकेतस्थळं दिव्यांगांना वापरता येणं हा ऐच्छिक मामला नाही, किमान नियम सक्तीचेच करा, असं सरकारला सांगितलं. बऱ्याच ठिकाणी रॅम्प झालेत, हे मान्य. पण हजेरीचं ॲप उघडल्यावर पडद्यावरचं वाचून दाखवणारा फोन दृष्टिहीन माणसाच्या कानात बोलतो, 'नाव नसलेलं बटन, नाव नसलेलं बटन'. कोणतं दाबायचं त्यानं? रोज सकाळी शेजारच्याला हाक मारून हजेरी लावून घ्यायची, आणि दिवसभर स्वावलंबनावरचे मेल वाचायचे.

कधी कधी अडचण ऑफिसच्या दाराबाहेर असते. कोची मेट्रोनं 2017 साली ट्रान्सजेंडर व्यक्तींना नोकऱ्या दिल्या, देशभर कौतुक झालं. पण त्यांतल्या काहींना थोड्याच दिवसांत नोकरी सोडावी लागली, कारण शहरात भाड्यानं खोली द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा नोकरी देणाऱ्यानं घरमालकाशी बोलायची तयारीही ठेवायला हवी.

पुढच्या काळाची मला खरी काळजी वाटते ती अर्जांच्या चाळणीची. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी 2007 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षण, अनुभव सारखाच, आडनावं तेवढी वेगळी, असे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले. दलित आडनावाच्या उमेदवाराला पुढे बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली. तेव्हा अर्ज माणसं चाळत होती. आता ते काम संगणकाकडे जातंय, आणि संगणक शिकतो तो आधीच्या भरतीवरूनच. ॲमेझॉननं असं एक साधन बनवून पाहिलं, ते बायकांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागलं, आणि शेवटी त्यांनी ते बंद केलं. 2018 साली ही बातमी बाहेर आली. त्यांनी निदान तपासून पाहिलं. आपल्याकडे भरतीचं सॉफ्टवेअर विकत घेताना ते कोणाला गाळतं, हे किती कंपन्या विचारतात?

तपासायचं एक हत्यार आपल्या हाती आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी'नं बाजारमूल्याच्या क्रमानं पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 या वर्षापासून एक सविस्तर अहवाल सक्तीचा केला. बायका किती, दिव्यांग किती, कोणाला किती पगार, ऑफिस दिव्यांगांना वापरण्याजोगं आहे का, हे सगळं त्यात भरावं लागतं. कायम कर्मचारी आणि कायम नसलेले, असे वेगवेगळे रकानेही त्यात असतात. हा अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो, कोणालाही वाचता येतो. तुम्ही अशा एखाद्या कंपनीत असाल, तर या आठवड्यात तो उघडा आणि 'कायम नसलेले' या रकान्यातला आकडा कागदावर लिहून घ्या. तुमच्याकडे टाऊनहॉल, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची साहेबांबरोबरची सभा, होते ना दर तिमाहीला? तिथे हात वर करा, तो आकडा वाचा आणि साहेबांना विचारा, ही माणसं दुपारी जेवायला कुठे बसतात.

नमस्कार.