गाळ काढत का न्हाईत?

नमस्कार श्रोतेहो. पाणथळ जागा जपण्यासाठी २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी देशादेशांचा करार झाला. भारत त्यात १९८२ साली आला. ओडिशाचं चिलिका आणि भरतपूरचं केवलादेव ही या करारातल्या जागांच्या, म्हणजे रामसरच्या यादीतली आपली पहिली नावं. महाराष्ट्राचं नाव जाहीर व्हायला २०२० उजाडलं. त्या वर्षी नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर, मागोमाग लोणार, आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी.

यातलं नांदूर मध्यमेश्वर मी पाहिलंय. गोदावरी आणि कादवा तिथं भेटतात. इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्यामागं वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, मधे बेटं उठली, लव्हाळा माजला आणि पाखरांचं फावलं.

आमचे मामा कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडचे. सारी हयात ऊस आणि महापुरात गेलेली. तिथल्या चापडगावच्या काठावर उभं राहून ते म्हणाले, "एवढा गाळ! काढत का न्हाईत ह्यो?" सोबतचा गावातला पोरगा काही बोलला नाही. खाली बसला, काठावरचा मूठभर चिखल उचलला आणि मामांच्या तळहातावर ठेवला. मामांनी बोटानं तो विसकटला. आत तांदळाएवढ्या गोगलगायी, लालसर बारीक अळ्या वळवळत होत्या. "जित्राब हाय की रं यात!" पोरगा म्हणाला, "हेच खायला येत्यात पाखरं." मामा वाकले आणि चिखल जिथला तिथं नीट ठेवून आले. "त्यांच्या ताटातलं हाय," म्हणाले. नंतर तासभर दुर्बीण काही कुणाला मिळाली नाही.

दुर्बिणीवरून सांगतो, पोरांना वाढदिवसाला मोबाईल देऊ नका, दुर्बीण द्या. स्वस्त पडते आणि पोरगं घराबाहेर पडतं.

तर श्रोतेहो, उथळ पाणी, गाळ आणि काठाचं गवत. पुन्हा सांगतो, उथळ पाणी, गाळ आणि काठाचं गवत. पाणथळ जागेचा जीव या तिन्हींत असतो. आपला कोल्हापूरचा रंकाळा तलाव रामसरच्या यादीत नाही. त्यात सांडपाणी येता कामा नये, जलपर्णीही निघालीच पाहिजे. पण तळ्याला चहूबाजूंनी सिमेंटचा काठ बांधायची हौस मला अजिबात पटत नाही. एखादी बाजू तरी मातीची राहू द्या.

कोल्हापूरजवळच्या कळंबा तलावावर सकाळी ऊन चढायच्या आत जा. ओल्या चिखलावर शेपूट हलवत फिरणारा तुतवार पक्षी दिसेल. पण थंडीतच जा, उन्हाळा लागला की हे पाहुणे परततात. नमस्कार.