थांबण्याचा सिग्नल आणि शेलची जबाबदारी

मित्रहो, शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, शिकवताना आपण आज्ञा चालवण्यावर भर देतो. चाललेले काम थांबवायची वेळ आली की शेल नेमके काय करतो, हे मात्र सांगायचे राहून जाते. माझ्या मते शेलची खरी कसोटी तिथेच लागते.

आपल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा टॉवेल कारखाना डोळ्यांसमोर आणा. रात्री एक स्क्रिप्ट, म्हणजे बॅश या शेलसाठी लिहून ठेवलेल्या आज्ञा, दिवसभराच्या उत्पादनाच्या नोंदींचा टारने (अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या आज्ञेने) बॅकअप घेत आहे. वीज गेली आहे, यूपीएसची बॅटरी उतरत आली आहे, म्हणून देखरेखीचा प्रोग्राम त्या स्क्रिप्टला सिगटर्म, म्हणजे थांबायला सांगणारा १५ क्रमांकाचा सिग्नल, पाठवतो. अर्धवट फाइल पुसून टाकणारा ट्रॅप, म्हणजे सिग्नल आल्यावर चालवायच्या आज्ञा, स्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे, तरीही काहीच घडत नाही. फोरग्राउंडमधली, म्हणजे समोर चालू असलेली, आज्ञा संपण्याची वाट पाहत असताना सिग्नल आला, तर बॅश त्याची फक्त नोंद ठेवतो आणि ट्रॅप चालवतो तो ती आज्ञा संपल्यानंतरच. टारपर्यंत तर सिग्नल पोहोचलेलाच नाही, कारण तो एकट्या शेलच्या पीआयडीला, म्हणजे प्रोसेस क्रमांकाला, पाठवला होता. मग ९ क्रमांकाचा सिगकिल येतो. तो पकडता येत नाही आणि टाळताही येत नाही. त्यामुळे शेल मरतो, ट्रॅप चालायचा राहतो, टार पोरका होऊन चालूच राहतो आणि वीज पूर्ण गेल्यावर डिस्कवर अर्धी फाइल उरते.

यावरचा उपाय स्क्रिप्टमध्येच आहे. टार बॅकग्राउंडला सोडावा, त्याचा पीआयडी जपून ठेवावा आणि शेलला बॅकग्राउंडच्या कामाची वाट पाहणाऱ्या वेट या आज्ञेवर थांबवावे. ट्रॅप लावलेला सिग्नल आला की वेट लगेच परत येतो आणि त्यानंतर ट्रॅप चालतो. त्या ट्रॅपने टारला सिगटर्म पोहोचवावा. इथे दोन गोष्टी नजरेतून सुटतात. पहिली, त्या वेळी वेटने दिलेला १४३ हा आकडा, म्हणजे १२८ अधिक १५, शेलला आलेल्या सिग्नलचा असतो. टार अजून जिवंत असू शकतो, म्हणून वेट पुन्हा एकदा करून मगच फाइल पुसावी. दुसरी, जॉब कंट्रोल (कामे मागे-पुढे नेण्याची शेलची सोय) नसलेल्या स्क्रिप्टमधून बॅकग्राउंडला सोडलेली प्रोसेस सिगइंटकडे, म्हणजे कंट्रोल-सी दाबल्यावर जाणाऱ्या सिग्नलकडे, दुर्लक्ष करते, म्हणून ट्रॅपमधून टारला सिगइंट पाठवून भागत नाही. साफसफाई झाल्यावर शून्य परत करून बाहेर पडणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ट्रॅप काढून स्क्रिप्टने तोच सिग्नल स्वतःला पाठवावा, म्हणजे तिला चालवणाऱ्या प्रोग्रामला ती कशाने थांबली हे खरेखुरे कळते.

आता शेलच्या आतल्या कोडकडे वळू. टर्मिनलवर आपल्याकडून थेट आज्ञा घेणारा (इंटरॅक्टिव्ह) बॅश सिगटर्मला दाद देत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर आपल्या प्रोसेस ग्रुपला (एका गटातल्या सगळ्या प्रोसेसना) सिग्नल पाठवताना आपलाच शेल बंद पडला असता. अडचण फोर्कनंतर, म्हणजे शेलने स्वतःची प्रत असलेली चाइल्ड प्रोसेस बनवल्यावर, सुरू होते. चाइल्ड प्रोसेसला पालकाची सिग्नलची मांडणी जशीच्या तशी मिळते, आणि दुर्लक्षित ठेवलेला सिग्नल एक्झेकनंतरही, म्हणजे त्या प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम चढवल्यावरही, दुर्लक्षितच राहतो. नोहप ही आज्ञा सिगहपच्या (टर्मिनल बंद झाल्यावर येणाऱ्या सिग्नलच्या) बाबतीत याच नियमावर चालते. म्हणून चाइल्डने एक्झेकपूर्वी सिगटर्म डीफॉल्टवर, म्हणजे प्रोसेस थांबवण्याच्या मूळ वागणुकीवर, आणला पाहिजे. पण फोर्क झाला आहे आणि डीफॉल्ट अजून लागलेला नाही, अशा निमिषभराच्या फटीत सिगटर्म आला तर तो हरवतो, आणि पाठवणाऱ्याला मात्र पाठवणे यशस्वी झाल्याचेच दिसते.

ही फट बुजवायची तर पालक शेलने सिग्नल दुर्लक्षित न ठेवता त्याला जवळजवळ रिकामा हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन, लावावा, जो फार तर एक फ्लॅग (खुणेचा व्हेरिएबल) उचलेल. हँडलरमध्ये मेमरी मागणे किंवा हिस्टरी लिहिणे धोक्याचे आहे, कारण सिग्नल मॅलॉकच्या (मेमरी देणाऱ्या फंक्शनच्या) मधोमधही येऊ शकतो. मग फोर्कपूर्वी सिगटर्म ब्लॉक करावा, म्हणजे अडवून ठेवावा, चाइल्डमध्ये तो डीफॉल्टवर आणावा आणि त्यानंतरच अनब्लॉक करावा. मधल्या काळात आलेला सिग्नल पेंडिंग राहतो आणि अनब्लॉक होताच आपले काम करतो. पालकानेही आपला मास्क (ब्लॉक केलेल्या सिग्नलची यादी) पूर्ववत करायला विसरू नये.

ही दुरुस्ती तपासताना एकदा किल करून समाधान मानू नका. चाइल्ड सुरू करून त्याच क्षणी त्याला सिगटर्म पाठवणारा लूप तासन्‌तास चालू द्या, मशीनवर मुद्दाम दुसरा भार टाका, आणि प्रत्येक फेरीत १४३ परत येतो का ते पाहा.